प्रश्न विचारावा तो कसा?

बोरिवलीच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत हातीं आलें. पत्र मोठें मनमोकळें आहे. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या मुलीस कांहीं दिवसांपासून उदास वाटत असे. घरांतील सर्वांच्या संमतीनें तिला एका समुपदेशकाकडे नेण्यांत आलें. दोन भेटी झाल्या. मुलगी म्हणते, "बरं वाटतं." परंतु या बाईंचें समाधान झालेलें नाहीं. त्या लिहितात, "तो गृहस्थ उपाय म्हणून कांहींच सांगत नाहीं, नुसते प्रश्न विचारतो. प्रश्न तर आम्ही घरींही विचारीत होतों, आणि तेही फुकट!" हें शेवटचें वाक्य वाचून मला प्रथम हंसूं आलें आणि मागाहून जरा ओशाळल्यासारखें झालें. कारण अगदीं हाच आक्षेप दोन वर्षांपूर्वीं आमच्या मुलुंडच्या घरांत माझ्याच तोंडून निघाला होता. तेव्हां या भगिनींना उत्तर म्हणून आमच्याच घरची हकीकत सांगतों. ज्याची ही हकीकत आहे त्या माझ्या पुतण्यानें ती लिहिण्यास आनंदानें संमति दिली आहे. नांव तेवढें सांगत नाहीं.

आमचें कुटुंब नऊ माणसांचें. आई, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां आणि चार मुलें. पुतण्या त्यांत सर्वांत वडील. सी. ए.च्या अंतिम परीक्षेंत त्याला दोनदां अपयश आलें, आणि दुसऱ्या निकालानंतर तो जेवणाच्या पानावर येईनासा झाला. खोलीचें दार लोटलेलें असे. मग घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें प्रश्न विचारण्यास आरंभ केला. आई विचारी, "कां रे बाळा, जेवत कां नाहींस?" दादा विचारीत, "अभ्यास केला होतास ना? मग असं झालंच कसं?" वहिनी डोळ्यांस पदर लावून विचारीत, "आमचं काय चुकलं, तें तरी सांग." आणि मी, सुशिक्षित काका, विचारीत असे, "तुला असं नाहीं का वाटत, कीं रोज सकाळीं जरा फिरून यावं?" या सर्वांस त्याचें एकच उत्तर होतें, "माहीत नाहीं." एके रात्रीं दोनच्या सुमारास वहिनींना जाग आली, तों त्याचें अंथरूण रिकामें. तो गच्चीवर कठड्याशीं एकटा बसलेला सांपडला. दुसऱ्याच दिवशीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें आम्हीं त्याला जवळच्याच एका समुपदेशिका बाईंकडे नेलें.

बाईंनीं आम्हांस बाहेर बसविलें. आंत काय झालें तें त्यानेंच पुढें सांगितलें. बाईंनीं प्रथम विचारलें, "तुला 'तूं' म्हटलं तर चालेल ना?" थोडें इकडचें तिकडचें बोलणें झाल्यावर, आवाज न चढवितां आणि न कुजबुजतां, त्यांनीं सरळ विचारलें, "त्या रात्रीं गच्चीवर गेलास, तेव्हां जीव द्यावा असं मनांत आलं होतं का?" तो म्हणाला, "हो. दोनदां आलं." लगेच पुढचे प्रश्न आले: हा विचार किती वेळां येतो, कसें करावयाचें तें ठरविलें आहे का, आणि काय आठवलें म्हणून परत फिरलास? आम्ही आठ माणसें त्याच्या भोंवतीं अहोरात्र वावरत होतों. हा एक प्रश्न मात्र आमच्यापैकीं कोणींही विचारला नव्हता. आम्हांस भय असें कीं, विचारलें तर नसतें खूळ डोक्यांत शिरावयाचें. ही समजूत चुकीची आहे. असा प्रश्न विचारल्यानें तो विचार मनांत उत्पन्न होत नाहीं. उलट बोलण्यास वाट मिळून मन हलकें होतें, असें जागतिक आरोग्य संघटनेचेंही स्पष्ट सांगणें आहे. बाईंनीं त्याच दिवशीं, त्याला सांगून, आम्हांस आंत बोलाविलें, गच्चीच्या दाराला कुलूप घालावयास लाविलें, रात्रीं त्याच्या सोबतीस कोण निजेल तें ठरवून घेतलें आणि मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. कांहीं महिने औषधही चाललें. हें आरंभींच सांगतों, म्हणजे पुढें जें लिहिणार आहें त्यावरून केवळ प्रश्नांनींच सर्व साधतें असा कोणाचा गैरसमज होऊं नये.

आतां या प्रश्नांच्या विद्येकडे वळूं. पूर्वीं मनाचे उपचार म्हणजे वर्षानुवर्षें चालणारें काम, अशी समजूत होती. अमेरिकेंत पालो आल्टो येथील एका संशोधनसंस्थेंत जॉन वीकलंड वगैरे मंडळींनीं १९६० नंतरच्या दशकांत दहा भेटींची मर्यादा घालून काम करून पाहिलें. त्याच परंपरेंतून पुढें स्टीव्ह डी शेझर आणि त्यांच्या कोरियांत जन्मलेल्या पत्नी इन्सू किम बर्ग यांनीं १९७८ सालीं मिलवॉकी शहरांत एक केंद्र काढलें. आरशासारख्या कांचेमागें बसून सहकारी मुलाखती ऐकत, आणि कोणत्या प्रश्नानंतर माणूस पुढें सरकतो व कोणत्या प्रश्नानंतर अडतो, याची टिपणें करीत. त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, दुःखाचें मूळ खणून काढण्यापेक्षां, दुःख नसतें तर दिवस कसा गेला असता हें माणसाकडूनच बारकाईनें वदवून घेतलें तर काम लवकर होतें. बहुधा तीन ते आठ भेटींत तें आटोपतें. आपल्याकडील प्रश्नोपनिषदांत सहा जिज्ञासु पिप्पलाद ऋषींकडे येतात, तेव्हां ऋषि त्यांना प्रथम वर्षभर आश्रमांत राहावयास सांगतात आणि मग प्रश्न विचारूं देतात. घाटकोपर-अंधेरीच्या नोकरदार माणसास, ज्याचे दोन तास लोकलच्या गर्दींतच जातात, त्याला वर्षभराची सवड कोठून असणार? म्हणून ही थोडक्यांतली पद्धत उपनगरांतील माणसांस सोयीची पडते. पण भेटी थोड्या असल्यामुळें प्रत्येक प्रश्न मोजूनमापून टाकावा लागतो. आश्रमांत शिष्य विचारतात आणि गुरु सांगतात. येथें विचारतो तो उपचार करणारा, आणि उत्तर आलेल्या माणसाकडे असतें.

पहिली गोष्ट 'कां'ची. मराठींत हें एकच अक्षर दोन कामें करतें. वाक्याच्या आरंभीं आलें कीं तो बहुधा जाब होतो: "कां जेवत नाहींस?" ऐकणारा लगेच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहतो आणि कारणें शोधूं लागतो. तेंच अक्षर शेवटीं आलें कीं 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यावर काम भागतें: "बरं वाटतं का?" "हो." संपलें. म्हणून जाणता समुपदेशक 'काय', 'कसें', 'केव्हां' आणि 'कोण' यांवर अधिक भर देतो. बाईंनीं पहिल्या भेटींत विचारलें होतें, "आज इथून जातांना काय झालेलं असलं म्हणजे येणं फुकट गेलं नाहीं असं तुला वाटेल?" या प्रश्नानें दोन गोष्टी साधतात. कोठें जावयाचें तें ठरतें, आणि तें ठरविणारा तो स्वतः होतो. पुढच्या भेटींत "कांहीं बरं झालं का?" असें न विचारतां त्यांनीं "गेल्या आठवड्यांत काय बरं झालं?" असें विचारलें. फरक एका अक्षराचा. पण पहिल्या प्रश्नास 'नाहीं' हें उत्तर तयार असतें, दुसऱ्यासाठीं आठवावें लागतें. आणि एक गोष्ट सांपडली कीं बाई म्हणत, "आणखी काय?" हें "आणखी काय?" त्या तीन-चार वेळां विचारीत. माझा पुतण्या म्हणतो कीं, खरें उत्तर तिसऱ्या "आणखी काय" नंतर येत असे.

आतां या पद्धतींतील सर्वांत प्रसिद्ध असा चमत्काराचा प्रश्न. त्याची उत्पत्ति अशी सांगतात कीं, इन्सू बाईंकडे आलेली एक स्त्री अगदीं थकून म्हणाली, आतां एखादा चमत्कार झाला तरच कांहीं होईल. बाईंनीं तिचेंच वाक्य उचललें आणि समजा तसा झाला तर काय निराळें दिसेल, असें विचारलें. आमच्या समुपदेशिका बाईंनीं तो असा विचारला, आणि फार सावकाश, मध्यें थांबत थांबत विचारला: "समज, आज तूं घरीं गेलास. जेवणं झालीं. सगळे निजले. तूंही निजलास. आणि मध्यरात्रीं एक चमत्कार झाला. ज्या त्रासानें तूं इथें आलास तो नाहींसा झाला. पण तूं झोपेंत, म्हणून तुला त्याचा पत्ता नाहीं. सकाळीं उठल्यावर पहिलं काय दिसेल, म्हणजे तुला वाटेल कीं कांहींतरी बदललंय?"

तो पटकन् म्हणाला, "मी पास झालेला असेन." येथें एखादा अननुभवी माणूस म्हणाला असता, तें कसें शक्य आहे! बाईंनीं वाद घातला नाहीं. "बरं, मग सकाळीं तूं काय वेगळं करशील?" तो बराच वेळ गप्प बसला. बाईही गप्प बसल्या. मग म्हणाला, "दाढी करीन. बाहेर येऊन बाबांबरोबर चहा घेईन. पूर्वीं ते मला पेपरांतली एखादी बातमी वाचून दाखवीत. निकालापासून तें बंद झालंय." "यांतलं थोडं तरी अलीकडे कधीं घडलं?" "गेल्या रविवारीं मी चहाला गेलों होतों. बाबा कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं अर्धा पेपर माझ्याकडे सरकवला." पाहा, आम्ही सारे परीक्षेचें दुःख उगाळीत बसलों होतों, आणि त्याला हवी होती ती वडिलांबरोबरची सकाळ. तीही सर्वस्वीं हरवलेली नव्हती. अर्धी शिल्लक होती. दुःखाला पडणारी अशी एखादी सूट शोधून काढणें आणि ती कशी घडली हें विचारणें, हा या विद्येचा गाभा आहे.

यानंतर मोजपट्टीचा प्रश्न. "शून्य म्हणजे ती गच्चीवरची रात्र, आणि दहा म्हणजे चमत्कारानंतरची सकाळ. आज तूं कुठं आहेस?" तो म्हणाला, "तीनवर." घरीं आम्ही विचारलें असतें, "अरे, तीनच कां?" बाईंनीं विचारलें, "तीनवर कसा आलास? दोनवर कां नाहींस?" वर ज्या 'कां'ची मीं निंदा केली तोच हा 'कां', पण येथें तो उणीव काढीत नाहीं, जमेची बाजू विचारतो. त्याला शोधून सांगावें लागलें कीं, आजीचा चष्मा आपण हुडकून दिला, एका मित्राचा फोन घेतला. मग विचारलें, "चारवर आलास हें तुला कशावरून कळेल?" एकदम सात किंवा आठ नव्हे, केवळ एक पायरी. "घरांत पहिल्यांदा कुणाच्या लक्षांत येईल?" "आजीच्या." "ती काय करील?" "कांहीं बोलणार नाहीं. पानांत तूप जास्त वाढील." येथें तो त्या महिन्यांत पहिल्यांदाच हंसला.

तिसऱ्या भेटींत बाईंनीं निराळ्या घराण्याची रीत वापरली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनीं १९५५ च्या सुमारास अशी उपपत्ति मांडली कीं, माणसास घटनेपेक्षां घटनेविषयींचा त्याचा हट्टाग्रही विचार अधिक छळतो. आपल्याकडे हा विचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं रुजविला. एलिस यांच्याशीं त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता, आणि भारतांतील कित्येक समुपदेशकांस त्यांनीं या पद्धतीचें शिक्षण दिलें. आमच्या मुलुंडच्या पलीकडेच, ठाण्यास, डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं स्थापन केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनें ही विचारपद्धति मराठी घरांत पोंचविली आहे. या रीतींतही प्रश्नच विचारतात. पण ते विचारास कसोटीवर घांसणारे असतात. पुतण्या म्हणाला, "मी पहिल्या फटक्यांत पास व्हायलाच हवं होतं." बाईंनीं त्यांतला 'च' धरला. पास व्हावेंसें वाटणें ही इच्छा झाली. व्हायलाच हवें, हा हुकूम झाला. मग तीन प्रश्न आले. असा नियम आहे, याला पुरावा काय? नापास झालों म्हणून मी माणूस म्हणून कवडीमोलाचा, हें अनुमान तर्कास धरून आहे का? आणि तिसरा, हा 'च' उराशीं धरून तुझा अभ्यास वाढला कीं कमी झाला? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याला तोंडानें द्यावेंच लागलें नाहीं.

चौथ्या भेटीस आम्हां वडील मंडळींस बोलावणें आलें. मला वाटलें, आतां उपदेश होणार. तोही झाला नाहीं. बाईंनीं दादांस विचारलें, "तो पानावर येत नाहीं तेव्हां वहिनी काय करतात?" "रडतात." वहिनींस विचारलें, "तुम्ही रडलांत कीं हे काय करतात?" "त्याच्यावर ओरडतात." मला विचारलें, "दादा ओरडले कीं आजी काय करतात?" मीं सांगितलें, आई त्याची बाजू घेते आणि त्याचें ताट खोलींत नेऊन देते. "आणि ताट खोलींत आलं कीं तो?" सगळे गप्प. ताट खोलींत येतें म्हणून तो बाहेर येत नाहीं, आणि तो बाहेर येत नाहीं म्हणून वहिनी रडतात. अशा फिरत्या प्रश्नांची रीत इटलींतील मिलान शहरच्या सेल्व्हिनी पालाझोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० च्या सुमारास मांडली. त्यांत कोणासही दोष न देतां एकाची कृति दुसऱ्याच्या कृतीशीं कशी गुंतली आहे तें घरच्याच माणसांच्या तोंडून उघड होतें. एकत्र कुटुंबास ही रीत किती लागू पडते, हें मीं त्या दिवशीं पाहिलें. त्या रात्रीं आईनें ताट नेलें नाहीं. ती खोलीच्या दाराशीं जाऊन एवढेंच म्हणाली, "पानं घेतलीं आहेत." तो पांच मिनिटांनीं आला.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चमत्काराचा प्रश्न वाटेल त्याला विचारण्याजोगा नाहीं. ज्याच्या घरीं नुकताच मृत्यु झाला आहे त्याला तो विचारणें म्हणजे जखमेवर मीठ; तो बिचारा गेलेलें माणूस परत आलेलें दिसेल, असेंच सांगणार. त्याला विचारावें, "एवढ्या दुःखांत तुम्ही आजचा दिवस कसा काढलात?" ज्यास भ्रम किंवा भास होतात, ज्याचें जेवणखाण व झोप पार तुटली आहे, त्याला आधीं मनोविकारतज्ज्ञ आणि औषध हवें. शिवाय प्रश्न पाठ करून एकामागून एक फेकणारा समुपदेशकही असतोच. तेथें माणसास पोलिस-चौकींत बसल्यासारखें वाटतें. चांगला समुपदेशक एका वेळीं एकच प्रश्न विचारतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि पुढचा प्रश्न त्या उत्तरांतल्याच शब्दांनीं बांधतो. तुमच्या समुपदेशकांत हे गुण आहेत कीं नाहींत हें पुतणीलाच विचारून पाहावें. ती "बरं वाटतं" म्हणते, त्यावरून असावेत असें दिसतें.

बोरिवलीच्या भगिनींनीं म्हटलें आहे कीं, प्रश्न आम्हीही विचारीत होतों. खरें आहे, पण ताई, आपले घरचे प्रश्न बहुधा प्रश्न नसतात. "तुला असं नाहीं का वाटत?" हा माझा प्रश्न म्हणजे सल्ल्याला चढविलेला सदरा होता. "आमचं काय चुकलं?" हा वहिनींचा प्रश्न म्हणजे सांत्वनाची मागणी होती, आणि तीही ज्याला स्वतः सांत्वन हवें त्याच्याकडे. उत्तर आपणांस आधींच ठाऊक असतें, किंवा उत्तर ऐकण्याचें धैर्य नसतें. समुपदेशक परका असतो, त्या मुलाच्या पास-नापासावर त्याची अब्रू टांगलेली नसते. म्हणून त्याला उत्तराची वाट पाहणें जमतें. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत श्रीकृष्ण सगळें सांगून झाल्यावर अर्जुनास म्हणतात कीं, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तें कर. आणि अगदीं शेवटीं विचारतात, तूं एकाग्रतेनें ऐकलेंस ना, तुझा मोह गेला ना? निर्णय अर्जुनाचा अर्जुनावर सोपवून मग विचारलेला हा प्रश्न आहे. आपण घरीं मात्र निर्णय आधीं देतों आणि प्रश्न मागाहून विचारतों.

यावरून घरोघर काका-मावश्यांनीं समुपदेशक व्हावें असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. तें काम शिकलेल्या माणसाचें. आपल्याकडून दोनच गोष्टी व्हाव्यात. घरांतील कोणी गप्प गप्प होत चालला, निरवानिरवीचें बोलूं लागला, तर भीड न धरतां, मायेनें, सरळ विचारावें कीं जीव नकोसा झाला आहे का. आणि उत्तर काहींही आलें तरी दचकून उपदेश न करतां ऐकून घ्यावें, त्याला एकटें सोडूं नये व त्याच दिवशीं मदत मिळवावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरांत टेलिफोनच्या वहींत लिहून ठेवावा. तो रात्रंदिवस विनामूल्य चालतो व तेथें मराठींतही बोलतां येतें. दुसरी गोष्ट, उपचार चालू असलेल्या माणसास घरीं आल्यावर "आज काय विचारलं? तूं काय सांगितलंस?" असें खोदून विचारूं नये. तेवढी एक खोली त्याची त्याला राहूं द्यावी.

पुतण्या एकंदर सहा वेळां बाईंकडे गेला. औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद झालें. यंदा त्यानें अंतिम परीक्षेचा एकच ग्रुप दिला आहे; निकाल अजून लागावयाचा आहे. परवां सकाळीं चहाच्या वेळीं दादा पेपर वाचीत होते. मीं संवयीनें विचारावयास तोंड उघडलें, "काय रे, पेपर कसे—" आणि थांबलों. पुतण्या हंसला. म्हणाला, "काका, विचारा. चालेल." मग मीं विचारलें, आणि त्यानें दहा मिनिटें सांगितलें.